इंदूरला बारावी झालेल्या मराठी मुलीने पत्रकारिता घ्यावी, की जाहिरात-जनसंपर्क?

मुलीचा कल लिहिण्याकडे आहे आणि घरी मराठीच बोलतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी तिन्हींतला फरक बघा, आणि तो आपल्या इंदुरातच बघा. सकाळी कचरागाडीवर वाजणारं गाणं म्हणजे जाहिरात. २०१७ पासून शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आला की ती बातमी देशभर छापून यावी म्हणून झटायचं, हा जनसंपर्क. आणि देवगुराडियाच्या कचरा प्रक्रिया केंद्रावर जाऊन ओला-सुका कचरा खरंच वेगळा होतो का ते बघून, चार जणांना विचारून लिहायचं, ही पत्रकारिता. तिला यातलं तिसरं करावंसं वाटतं का, एवढंच विचारा. उन्हात उभं राहायचा कंटाळा असेल तर बाकीची दोन बरी, पगारही बहुधा तिकडे बरा.

देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग आहे. घरून ये-जा होत असेल तर भोपाळ-दिल्लीची घाई कशाला? प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक विभागातूनच घ्या.

मराठीची काळजी करू नका. इंदूरच्या ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते मराठीच होते की! मात्र हिंदी लेखी हवी, बोलायची नव्हे. आपली मुलं ‘मुझे जाना है’ऐवजी ‘मैंने जाना है’ म्हणतात, लिहितातही, आणि बातमीची कॉपी तिथेच लाल होते. आत्तापासून रोज एक बातमी दीडशे शब्दांत लिहायला लावा.