हल्लीच्या भयकथांमध्ये भूत नसतं, तरी त्या जास्त अस्वस्थ का करतात?

भूत नसतं म्हणूनच. भुताला नियम असतात. अमावास्या, पिंपळ, राहिलेली इच्छा आणि शेवटी त्यावरचा तोडगा. तोडगा आहे म्हटल्यावर निम्मी भीती तिथेच संपते.

अर्जेंटिनाच्या सामांता श्वेब्लिनची 'फीव्हर ड्रीम' ही छोटी कादंबरी (मूळ स्पॅनिश २०१४) वाचा, एका बैठकीत होते. त्यातल्या आईच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो, की आत्ता काही झालं तर लेकीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल. आणि घात होतो तेव्हा लेक अगदी शेजारी बसलेली. समोर ट्रकमधून पिंपं उतरवताहेत, या दोघी गवतावर, कपडे ओले होतात. आईला वाटतं दव असेल. बस्स. गोष्ट सोयाबीनच्या पट्ट्यातली. इंग्रजी भाषांतर २०१७ला आलं, त्याच वर्षी आपल्या यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. मग कशाला हवाय पिंपळ?

पण हे आपल्याकडे छापणाऱ्यांना कोण सांगणार! मागे एका दिवाळी अंकाला मी कथा दिली होती. डोंबिवलीतली सोसायटी, नवीन राहायला आलेलं कुटुंब. त्यांच्या सईला वॉचमन, इस्त्रीवाला, समोरच्या काकू सगळे 'मुग्धा' म्हणतात. अगदी प्रेमानं. आई दुरुस्त करते, लोक "हो का, बरं बरं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुग्धा. शेवटी मुलगी स्वतःच वहीवर मुग्धा लिहिते आणि आई मुकाट्यानं त्या वहीला कव्हर घालते. संपली कथा.

संपादक म्हणाले, "खुलासा कुठाय? वाचकाच्या हाती काही लागायला नको?" मी म्हटलं, नकोच. अंक आला तर शेवटी एक नवाकोरा परिच्छेद. गच्चीवरून पडलेली मुग्धा, भिंतीवर हार घातलेला फोटो आणि सईचे उलटे पाय. उलटे पाय! वर नातेवाइकांनी कौतुक केलं ते नेमकं त्याचंच. आमचे भाऊजी अजून लग्नाकार्यात भेटले की "ते पायांचं भारी जमलंय हं" म्हणतात.

अहो, मुग्धा मेलेली असेल तर प्रश्नच मिटला, शांत करून टाका. ती कोणीच नसेल आणि तरी सगळी सोसायटी इतक्या गोडीनं तेच म्हणत असेल, तर त्या आईनं तक्रार कोणाकडे करायची? सेक्रेटरीकडे? तोही मुग्धाच म्हणतो.

आता, खुलासा केला की भीती जातेच असं नाही. नारायण धारपांच्या भयकथांमध्ये समर्थ नावाचं पात्र येऊन सगळं निस्तरतं, तरी धारप मी रात्री एकट्यानं वाचत नाही. 'फीव्हर ड्रीम'मध्येही आत्म्यांच्या अदलाबदलीचा भाग आहेच. पण मला हादरवलं ते त्या दवानं.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर कथेच्या मेलमध्येच ठणकावून लिहा, की शेवटाला हात लावायचा नाही. आणि प्रूफ मागून घ्या. शेवटच्या पानाचं तरी.