पंप बदलण्यापूर्वी बादली भरून पाहा

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही घरासाठी पेट्रोलवर चालणारा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने धुणारे यंत्र, घेतला. त्यावर १७० बार (पाण्याचा दाब) आणि मिनिटाला ११ लिटर असे छापलेले आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. त्यानंतर ओटा आणि समोरची भिंत धुऊन यंत्र जिन्याखाली ठेवले, ते थेट दिवाळीच्या साफसफाईला बाहेर काढले. आता चोक लावला तरच इंजिन चालते आणि काढला की बंद पडते. कसेबसे चालू ठेवले तर झोत तुटक येतो आणि गन हातात हिसके देते. पाणी गच्चीवरच्या टाकीचे असून अंगणातल्या नळाला सुमारे २५ मीटर लांबीचा अर्धा इंची पाइप जोडतो. मेकॅनिकच्या मते पंप गेला आहे आणि नव्या पंपाला यंत्राच्या जवळपास निम्मी किंमत पडेल. पंप बदलावा का?
(एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : एवढ्यात बदलू नका. आपल्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत आणि ती एकाच दिवशी समोर आल्यामुळे मेकॅनिकने दोन्हींची मोट एका निदानात बांधलेली दिसते. चोक काढताच इंजिन बंद पडणे हा पेट्रोलचा प्रश्न आहे. तुटक झोत हा बहुधा पाण्याचा. पंपावर संशय घ्यायची पाळी त्यानंतर येते.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण त्या तपासणीला पैसा लागत नाही. पंप पाणी ओढून आणण्यासाठी नसतो, मिळालेले पाणी लहानशा छिद्रातून रेटण्यासाठी असतो. त्यामुळे नळाकडून मिनिटाला ११ लिटर आले नाहीत तर त्याचे दट्टे अर्धवट भरलेल्या पोकळीत मागेपुढे होत राहतात, आत बुडबुडे तयार होतात, गनला हिसके बसतात आणि हे फार काळ चालले तर चांगला पंपही खराब होतो. यंत्राला जोडायचे पाइपाचे टोक सोडवून जमिनीलगत २० लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ पाहा. बादली दीड मिनिटात भरली तर पुरवठा पुरेसा आहे. दोन मिनिटे लागली तर आपला पंप उपाशी चालतो आहे.

ती दोन मिनिटे घेईल असा माझा अंदाज आहे. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापेक्षा फार तर सहा मीटर उंच असते, म्हणजे दाब जेमतेम ०.६ बार, आणि तो २५ मीटरच्या अर्धा इंची पाइपात घर्षणातच संपतो. हिशेब केला तर असा पाइप मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी देतो. मध्ये पीळ पडला असेल तर त्याहूनही कमी. पाऊण इंची पाइप घ्या आणि तो गरजेपेक्षा एक हातही लांब ठेवू नका. तेवढ्यानेही भागले नाही तर २०० लिटरचा ड्रम विटांच्या चौथऱ्यावर ठेवून त्याच्या बुडाशी पाऊण इंची तोटी बसवावी, नळाचे पाणी ड्रममध्ये सोडावे आणि यंत्राला ड्रममधून द्यावे. मात्र आपल्या पंपाला टाकीतून पाणी दिलेले चालते का, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहा. नुसता भरलेला ड्रम अठरा मिनिटे पुरतो आणि वरून नळ चालू असेल तर बराच अधिक वेळ. शिवाय या ड्रममुळे किती पाणी गेले ते डोळ्यांना दिसते. नर्मदेचे पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेले आणि तेही एक दिवसाआड मिळणारे, तेव्हा ओटा धुताना हा हिशेब डोळ्यांसमोर असलेला बरा.

बादली वेळेत भरली तरी झोत तुटत असेल तर पाणी आत घेणाऱ्या तोंडातली जाळी काढा. ती अंगुस्तान्याएवढी असते आणि अनेकांना ती तिथे आहे हेच ठाऊक नसते. टाकीत बोरिंगचे पाणी मिसळत असेल तर तिच्यावर क्षारांचा करडा थर आणि त्यात अडकलेली बारीक वाळू सापडेल. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून जाळी त्यात तासभर ठेवावी आणि जुन्या दातघाशीने घासावी. नोझलचे छिद्रही याच वेळी पाहा. यंत्रासोबत मिळालेली बारीक तार त्यासाठीच असते. जाळी परत बसवताना पाइप यंत्राला जिथे जोडतो त्या कपलिंगमधला रबरी वॉशर बोटांनी दाबून तपासा. मी स्वतः एकदा पंपाचे सील बदलून बसलो होतो आणि तुटक झोत जसाच्या तसा राहिला. शेवटी वॉशर वाकवून पाहिला तेव्हा त्याला केसाएवढी चीर दिसली. नळ चालू असताना तिथून पाण्याचा थेंबही गळत नव्हता, पण पंप सुरू होऊन पाणी कमी पडले की त्याच चिरेतून हवा आत ओढली जात होती. चिल्लर किमतीचा वॉशर आणि वाया गेलेला अख्खा रविवार, असा तो हिशेब होता.

आता इंजिन. चोक लावल्याने कार्बुरेटरमध्ये हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. तेव्हा चोक लावल्यावरच इंजिन चालत असेल तर त्याला एरवी पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजेच जेट (कार्बुरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी) तुंबले आहे. मार्चमध्ये टाकीत राहिलेले पेट्रोल ऑक्टोबरपर्यंत ताजे राहत नाही: त्यातला हलका अंश उडून जातो, मागे चिकट राळ उरते, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे पावसाळ्यात ते हवेतला ओलावाही शोषते. पाण्याचे प्रमाण फार वाढले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि कार्बुरेटरला पुरवठा तळाकडूनच होतो.

इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत आणि देवघरातल्या समईपासूनही दूर, पेट्रोलची तोटी बंद करून कार्बुरेटरखाली स्टीलची वाटी धरा आणि त्याच्या बुडाचा बोल्ट सोडवा. वाटीत पडलेले पेट्रोल उजेडात तिरपे करून पाहा: तळाशी पाण्याचे मणी सरकताना दिसले किंवा रंग गडद आणि वास आंबूस आला तर निदान पक्के झाले. जेट काढून कार्बुरेटर क्लीनरचा फवारा मारावा आणि छिद्रात विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार हलक्या हाताने फिरवावी. सुई किंवा टाचणी कदापि घालू नये. पितळेचे छिद्र तिने मोठे होते आणि मग इंजिन काळा धूर सोडू लागते. टाकीतले जुने पेट्रोलही सगळे काढून ताजे भरा, नाहीतर चार दिवसांत पुन्हा हेच करावे लागेल. याच वेळी प्लगही उघडलात तर त्याची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे ना, ते पाहून घ्यावे.

एवढे करूनही दाब आला नाही तर मग पंपाकडे वळा. पंपाचे ऑइल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर आतल्या सीलमधून पाणी शिरते आहे; तेव्हाही आधी सीलचा संच बदलून मिळतो का ते विचारा, पंपाची किंमत नंतर. ऑइल स्वच्छ असेल तर दाब सांभाळणारा अनलोडर व्हॉल्व अडकला आहे का, ते मेकॅनिकला उघडून दाखवायला सांगा.

प्रश्न : गन सोडून दोन-चार मिनिटे बोलत उभे राहिले की पंपाखालून गरम पाणी गळू लागते. शिवाय इंजिन बंद करून पुन्हा चालू करताना दोरी इतकी जड लागते की हाताला झटका बसतो. हे बिघाड आहेत का?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : दोन्हींपैकी एकही नाही. ट्रिगर सोडल्यावर इंजिन चालूच राहते आणि तेच ते पाणी पंपात गोल फिरून तापते. ते साधारण ६० अंशांपर्यंत गेले की सुरक्षेसाठी बसवलेला छोटा व्हॉल्व उघडतो आणि गरम पाणी बाहेर टाकतो. त्याने आपले काम केले आहे, बोलत उभे राहणे मात्र आपले. दोन मिनिटांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. गन चालवत असतानाही गळत असेल तरच व्हॉल्व बदलावा. दोरी जड लागते ती पाइपात अडकून राहिलेल्या दाबामुळे. ओढण्यापूर्वी गन जमिनीकडे धरून ट्रिगर दाबा, पाणी फुस्सकन निघून जाऊ द्या आणि मग दोरी ओढा.

प्रश्न : पावसाची सर आली तर यंत्र पोर्चमध्ये, शटर अर्धे लावून चालवता येईल का? ओट्याच्या कोटा फरशीवर शेवाळ घट्ट बसले आहे. लाल नोझल वापरला तर ते लवकर निघेल का?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : पोर्चमध्ये नाही, शटर पूर्ण उघडे ठेवूनही नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि आडोशाच्या जागेत काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होण्याइतका तो साचू शकतो. यंत्र घराच्या दारे-खिडक्यांपासून दूर उघड्यावर ठेवावे आणि सर थांबेपर्यंत काम थांबवावे. तेही सपाट जागी ठेवा. ओट्याच्या उतारावर ऑइल एका बाजूला गेले की कमी ऑइलचा सेन्सर असलेले इंजिन सुरूच होत नाही, आणि लोक विनाकारण प्लग बदलत बसतात.

लाल नोझल म्हणजे शून्य अंशाचा, जराही न पसरता एकाच जागी आदळणारा झोत. तो फरशांच्या सांध्यातले सिमेंट उडवतो आणि हातावर किंवा पायावर पडला तर कातडीखाली पाणी शिरवतो. अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला घरी मलम लावून भागत नाही. लगेच रुग्णालयात जाऊन पाण्याचा झोत आत शिरला आहे असे स्पष्ट सांगावे लागते. शेवाळासाठी २५ अंशांचा हिरवा नोझल घ्या, फरशीपासून फूटभर अंतर ठेवा, डोळ्यांना चष्मा आणि पायांत चपलेऐवजी बूट घाला. जुन्या वाड्याची चुन्याची भिंत ओट्याला लागून असेल तर झोत तिच्याकडे वळवूच नका, तिथे ब्रश आणि बादलीच बरी.