७२०च्या पेपरात ७९८ गुण

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. बँकेत नोकरी, मुलगी बारावीला, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र), नीटचा क्लास. पहिल्या तीन सराव परीक्षांत तिला ३००, ३४५, ३९७ गुण मिळाले. दर वेळी १५ टक्के वाढ आहे हे हेरून वडिलांनी पुढचे आकडे काढले, ४५६, ५२५, ६०३, ६९४, आणि तक्ता हॉलमध्ये लावला. चौथ्या परीक्षेत तिला ४१० पडले. ते विचारतात, 'अभ्यास सोडून वहीत जिवाणूंचे न् औषधांचे आलेख काढत बसते. हे वेड कसं उतरवायचं?'

साहेब, ३९७ वरून ४१० म्हणजे १३ गुण वाढले. तुमच्या घरी मात्र ते ४६ गुणांचं नुकसान ठरलं. पत्रात पुढे तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'हल्ली क्लासमधून आली की गुण आपणहून सांगत नाही.' मी तिथेच अडकले. कशाला सांगेल? तिचे गुण तुम्ही आधीच भिंतीवर लिहून ठेवलेत. तिने येऊन फक्त किती कमी पडले तेवढं सांगायचं, तेही आल्यागेल्या पाव्हण्यांसमोर. तो तक्ता आज काढा. सविस्तर बोलणं नंतर.

बँकेतल्या माणसाचं चक्रवाढीचं गणित चुकावं याचं मला नवल वाटलं. ठरावीक टक्क्याने वाढ तिथेच होते, जिथे आहे त्यातूनच नवं निपजतं. ठेवीत व्याजावर व्याज चढतं, एका जिवाणूचे दोन होतात. गुणांना पिल्लं होत नाहीत. शिवाय ही वाढ खरी असते तिथेही ती फार टिकत नाही. ई. कोलाय हा जिवाणू सगळं अनुकूल असेल तर २० मिनिटांत दुप्पट होतो. हाच वेग दोन दिवस राहिला तर त्यांचं वजन पृथ्वीच्या हजारो पट भरेल! तसं होत नाही, कारण अन्न संपतं, जागा संपते, आणि चढती रेषा वाकून आडवी होते. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ मध्ये हे समीकरणात मांडलं. तुमच्या हिशेबाने आठव्या परीक्षेत तिला ७९८ मिळतात; पेपर ७२०चा आहे.

हेच वाकणारं समीकरण बारावीच्या जीवशास्त्रात आहे आणि लोकसंख्यावाढ नीटलाही आहे. म्हणजे ती 'अभ्यास सोडून' जे करते, तो अभ्यासच आहे.

तक्रार म्हणून तुम्ही तिच्या वहीचं जे वर्णन केलंय, ते मी दोनदा वाचलं. पॅरासिटामॉल घेतल्यावर रक्तात तासातासाला किती उरतं याची उतरती रेषा, आणि खाली तिचा प्रश्न: 'सहा तासांनी दुसरी गोळी घेताना पहिलीतलं किती शिल्लक?' दोन ते तीन तासांत हे औषध निम्मं होतं, म्हणजे साधारण चौथा ते आठवा हिस्सा. औषध कंपन्यांत या हिशेबावर माणसं नोकऱ्या करतात. त्या शाखेला फार्माकोकायनेटिक्स म्हणतात. आणि तिला सांगा, १९०५-०६ मध्ये मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, त्याच आकड्यांवर केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये साथ कशी पसरते याची आपली समीकरणं ताडून पाहिली होती. साथींच्या गणितात आजही त्या शोधनिबंधाचं नाव सगळ्यात आधी निघतं. ते आकडे वहीत उतरवायला तिला आवडतील.

तिने डॉक्टर होऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण तिला व्हायचंय का, हे तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही. होय म्हणाली, तर नीट देऊ द्या, आणि चुकलेल्या उत्तरांपायी किती गुण कापले गेले ते तिचं तिला मोजू द्या. तुमच्या टक्केवारीपेक्षा त्यातून जास्त हाती लागेल.

नाही म्हणाली, तर विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत: आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, भुवनेश्वरच्या नायझर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट, आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्थेची) प्रवेश परीक्षा, नाहीतर सरळ बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, पुढे बायोस्टॅटिस्टिक्स (जीवशास्त्रातलं संख्याशास्त्र) किंवा साथरोगशास्त्र. आयएटीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही विचारतात, तेव्हा पीसीएमबीच्या मुलीला वेगळा क्लास लावायची गरज मला दिसत नाही. तारखा वेबसाइटवर बघा, आणि अर्ज तिचा तिला भरू द्या.