३१ प्लगिन्स, त्यातली ठेवायची कुठली?

प्रश्न : दादा, पंचवटीत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या काळापासूनचं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाकडून वर्डप्रेसवर साइट करून घेतली, तो आता पुण्याला गेला. साइट मोबाइलवर इतकी हळू उघडते की गिऱ्हाईक कंटाळून सरळ फोन करतं. आत बघितलं तर ३१ प्लगिन्स (साइटला जास्तीची कामं जोडून देणारे छोटे प्रोग्राम)! कोणी म्हणतं दहाच्या वर नकोत, कोणी म्हणतं फुकटची सगळी काढ. सिंहस्थाच्या आधी नीट करायचंय, काय ठेवू?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, ते दहाचं आधी डोक्यातून काढा. वीस हलकी प्लगिन्स निवांत चालतात आणि एकच जड प्लगिन अख्खी साइट बसवतं. फुकट-विकतचंही तसंच, साइटवर दुकान चालवणारं तुमचं वूकॉमर्स प्लगिन फुकटच आहे की.

वही घ्या आणि प्रत्येक प्लगिनसमोर ते काय काम करतं ते एका ओळीत लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही त्याच्यावर खूण करा, आणि एकाच कामाला दोन असतील तर त्यांच्यावर पण. विशेषतः कॅशची, म्हणजे साइट पटकन उघडावी म्हणून पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारी, दोन कधीच नकोत. माझ्या आतेभावाच्या बेदाण्याच्या साइटवर मीच दोन टाकून बसलो होतो, भाव वाढवला तरी गिऱ्हाइकाला जुनाच दिसत राहिला आणि त्या जुन्या भावाने माल द्यावा लागला, ते मला अजून लागतं. गूगलवर साइट नीट सापडावी म्हणून असतात ती योस्ट आणि रँक मॅथ, यांतलं पण एकच ठेवा.

काही कामांना तर प्लगिन लागतच नाही. फोटो खाली सरकल्यावर लोड होणं आणि साइटमॅप (गूगलसाठी साइटवरच्या पानांची यादी) हे दोन्ही २०२० च्या ५.५ व्हर्जनपासून वर्डप्रेसमध्येच आहे. व्हॉट्सॲपच्या बटणाला साधी लिंक पुरते, दुकानाच्या नकाशाला गूगल मॅप्सचा एम्बेड कोड. आणि हो, भांड्यांचे फोटो मोबाइलवरून काढून तसेच चढवलेत का ते बघा, चार-पाच एमबीचा एकेक फोटो असेल तर बिचाऱ्या प्लगिन्सना कशाला दोष द्यायचा?

उरलेल्यांचं wordpress.org या वर्डप्रेसच्या साइटवरचं पान उघडा. शेवटचा अपडेट कधीचा, वर्डप्रेसच्या कुठल्या व्हर्जनपर्यंत तपासलंय, सपोर्टमध्ये लोकांना उत्तरं मिळतात का, एवढं बघा. मी तरी स्टार्सपेक्षा शेवटच्या अपडेटकडे जास्त बघतो, कारण ज्याला कोणी वाली उरला नाही अशा प्लगिनमधून हॅकर सहज आत शिरतात. विकतचं प्लगिन कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका ताई, त्यात काय घालून ठेवलंय सांगता येत नाही. पैसे घेण्यासाठी ज्या कंपनीचं पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) आहे तिचंच प्लगिन वापरा.

काढण्याआधी बॅकअप घ्या, अपड्राफ्टप्लस या प्लगिनने होतो, पण तो गूगल ड्राइव्हवर ठेवा, त्याच सर्व्हरवर नको. मग नको असलेलं एकेक बंद करायचं, साइट बघायची, स्वतः एक ऑर्डर टाकून बघायची, मग पुढचं. सगळं ठीक असेल तर डिलीट करा, नुसतं बंद ठेवलं तर फाइली तिथेच पडून राहतात आणि धोकाही तसाच. फक्त एलिमेंटरसारखं पानं बांधणारं प्लगिन असेल तर त्याला हात लावू नका, ते काढलं की पानांची मांडणीच विस्कटते, ते कोणा जाणकाराला समोर बसवून करा.

काम रात्री करा, कारण बिघडलं आणि बॅकअप परत टाकला की मधल्या वेळात आलेल्या ऑर्डर्स पुसल्या जातात. आणि धनत्रयोदशीच्या आधीचे पंधरा दिवस तर काहीच काढू नका, तेव्हा तुमच्याकडे तांब्या-पितळेला किती मागणी असते ते मी तुम्हाला काय सांगणार.