पीएफ उशिरा भरल्याच्या दंडावर अपील करावं का?

भाऊ, तुमच्या कापसाच्या जिनिंगचा २०२२-२३ चा कामगारांचा पीएफ उशिरा भरला गेला. आता कलम १४-बीखाली दंडाचा आणि ७-क्यूखाली व्याजाचा असे दोन वेगळे आदेश हातात पडलेत, आणि अपील करावं का असं तुम्ही विचारता. मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे जिनिंगवाल्यांचे हिशेब बघतो. माझं स्पष्ट मत आहे, दंडावर करा, व्याजावर नको. पीएफच्या १९५२ च्या कायद्यात ७-क्यूच्या स्वतंत्र आदेशाला अपीलच नाही. ते वार्षिक १२ टक्के व्याज भरून मोकळे व्हा.

दंडाच्या अपिलाला आदेशाच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. उशिराचं कारण पटलं तर आणखी ६०, त्यापुढे दार बंद. आपल्याकडचं अपील नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात जातं.

वकिलाकडे जायच्या आधी मात्र नोटिशीसोबतचा तक्ता घेऊन बसा. एकेका महिन्यासमोर देय तारीख, भरणा तारीख आणि उशिराचे दिवस असतात. एप्रिलच्या पगाराचा पीएफ १५ मेपर्यंत भरायचा, म्हणजे मोजणी तिथून. प्रत्येक ओळ चलन आणि बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघा. तुमच्या काळाला जुने दर लागतात: दोन महिन्यांच्या आत वार्षिक ५ टक्के, चारच्या आत १०, सहाच्या आत १५, आणि सहा महिने झाले की थेट २५. सहा महिन्यांच्या काठावरची एक तारीख चुकली, तर लाखामागे साडेसात हजारांचे साडेबारा हजार होतात. (१४ जून २०२४ नंतरच्या थकबाकीला सरसकट महिना १ टक्का आहे.)

"गाठींचे पैसे अडकले होते" एवढ्यावर आता भागत नाही. उशीर मुद्दाम केला हे सिद्ध व्हायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. पण दंड किती लावायचा हे अधिकाऱ्याने विचार करून ठरवायचं असतं. सुनावणीत तुम्ही थकीत बिलं, बँकेची पत्रं दिली असतील आणि आदेशात त्यांचा उल्लेखच नसेल, तर तो तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा. काहीच दिलं नसेल तर अपील लंगडं पडतं.

आणि हे जरा कडू लागेल, पण मजुराच्या पगारातून कापलेला हिस्सा तुम्ही वेळेत भरला नसेल, तर तिथे माझीही सहानुभूती नाही. तो पैसा त्याचा होता. न्यायाधिकरणही तेच आधी विचारेल.

अपील दाखल झालं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज त्याच दिवशी जोडा, नाहीतर ऐन हंगामात बँक खातं गोठेल. अपिलाआधी रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात असं कोणी सांगितलं तर ती अट मूळ थकबाकी ठरवणाऱ्या कलम ७-ए च्या आदेशाला आहे, १४-बीला नाही.