वाड्यात एसी बसवण्याआधी

वाड्यातल्या खोलीला एसी बसवायचा म्हणताय, तर दुकानात जायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायरिंग असते आणि अर्थिंग बहुधा नावालाच. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर तासन्‌तास ओढतो. त्याला मीटरच्या बोर्डापासून ४ चौरस मिमी तांब्याची वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवाच. इथे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगतो. घरात सगळं लाकूडच आहे.

दुसरी गोष्ट भिंतीची. पांढऱ्या मातीची भिंत भक्कम दिसते, पण ३०-४० किलोचं, सतत थरथरणारं आउटडोअर युनिट तिच्यावर टांगू नका. आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत बोल्ट सैल होऊन ब्रॅकेट कललं; शेवटी युनिट अंगणात लोखंडी स्टँडवर आणलं. ड्रेनचं पाणी पाइपने थेट मोरीपर्यंत न्या. मातीच्या भिंतीत ओल मुरली की ती आतून भुसभुशीत होते, वाळवी लागते ती वेगळीच. भोक पाडताना तुळई कुठे आहे ते आधी ठोकून पाहा आणि भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या.

गॅस सोडण्याआधी पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावायला लावा. बरेच मेकॅनिक टाळतात.

आणि हो, जाड भिंती उशिरा तापतात. खरी धग वरच्या पत्र्यातून येते. छताखाली इन्सुलेशन आधी करून घ्या, एसीचा टन त्यानंतर ठरवा. कदाचित एक टनातही भागेल.