युगांडाला कामाला जाण्याआधी कोणत्या लसी घ्याव्यात? एजंटने दिलेलं यलो कार्ड चालतं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: धाकटा भाऊ चिकोडीकडच्या साखर कारखान्यात मिल फिटर आहे, युगांडातल्या कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर निघालाय, विमान बावीस दिवसांवर आलंय, आणि एजंट म्हणतोय की "यलो कार्ड आम्हीच बनवून देतो, टोचून घ्यायची गरज नाही, बाकी काही लागत नाही."

मी डॉक्टर नाही. निपाणीजवळच्या खेड्यातला पॅनमन आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या अंगाला असलेल्या एका कारखान्यात पाच वर्षं साखर शिजवून आलो. तेव्हा गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. बाकीचं मी सांगतो.

एजंटचं कार्ड घेऊ नका. मलाही २०१३ साली एकाने हेच सांगितलं होतं, वर पैसेही मागितले होते. यलो कार्ड म्हणजे यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची, लस घेतल्याचं प्रमाणपत्र. त्याला नेमकं औषध नाही, लस हाच उपाय. युगांडात उतरताना प्रमाणपत्र बघतात, आणि परत येताना आपलं सरकार जास्त कडक असतं. कारण साधं आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपल्या डेंग्यूचाच डास, इथे घरोघरी आहे. विषाणू मात्र अजून भारतात नाही. तो येऊ नये म्हणून कार्ड नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. सुट्टीवर आलेला माणूस घराऐवजी विमानतळाजवळच्या खोलीत!

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच टोचतात. यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. मला तेव्हा गोवा सोयीचा पडला. पहाटेच्या गाडीने चोर्ला घाट उतरून वास्को, तिथून मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. आधी नाव नोंदवून जा. एका कुपीत अनेक जणांचे डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात. वार चुकला तर आठवडा गेला. मूळ पासपोर्ट बरोबर हवा, झेरॉक्सवर भागत नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. मला दुसऱ्या दिवशी अंग दुखलं, किंचित कणकण आली, एवढंच.

प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं. तुमच्याकडे बावीस दिवस आहेत, म्हणजे बाराव्या दिवसाच्या आत सुई झालीच पाहिजे. हाताशी एक आठवडा राखूनच ठेवा. पूर्वी कार्ड दहा वर्षांचं असायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुनंसुद्धा. माझ्या कार्डावर २०२३ ची मुदत छापलेली आहे, पण दुसऱ्यांदा टोचून घ्यायची गरज नाही.

आपल्या सीमाभागातल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. आपली कागदं दोन भाषांतून फिरून आलेली असतात. शाळेचा दाखला मराठी, दहावीचं मार्क्सकार्ड कर्नाटकातलं, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं. त्यात २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं बेळगावी झालं. कार्डावर नाव आणि नंबर पासपोर्टवर आहे तसाच, अक्षरनअक्षर लिहून घ्या, आणि खिडकीवरून हलायच्या आत वाचून बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं, तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

भावाला अंड्याची जोरदार ॲलर्जी असेल, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू असतील, एचआयव्ही असेल, तर टोचणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात आणि ती जिवंत असते, म्हणून हे विचारतात. जिवंत विषाणूची दुसरी कुठली लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

इथवरचं कुणीही सांगेल. तिकडे आपल्या माणसांना आडवं पाडतो तो मलेरिया, आणि त्याचं कार्ड कोणी मागत नाही. म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही. लहान मुलांसाठी आता लस आली आहे, पण प्रवाशांसाठी नाही. मोठ्यांनी गोळ्याच घ्यायच्या. आणि तिकडचा मलेरिया मुख्यतः फॅल्सिपेरम जातीचा, मेंदूवर जाणारा. "आम्हाला लहानपणी हिवताप येऊन गेलाय, काही होत नाही," असं म्हणणारे तिथे पहिल्या पावसात सलाइनवर दिसतात. जुनी क्लोरोक्विन तिकडे लागू पडत नाही. डॉक्टर बहुतेक डॉक्सिसायक्लिन रोज, किंवा मेफ्लोक्विन आठवड्याला, किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज लिहून देतील. मेफ्लोक्विन निघायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते, म्हणजे तुम्हाला डॉक्टर याच आठवड्यात गाठायला हवेत. दोन वर्षं गोळी घेत राहायची की नाही, हेही त्यांनाच विचारा. मला डॉक्सिसायक्लिन होती. जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळ. उन्हात चेहरा भाजतो तेही खरं.

माझं चुकलं ते इथे. पहिल्या सुट्टीला घरी आलो तेव्हा ही गोळी परतल्यावरही चार आठवडे घ्यायला सांगितली होती. मी दुसऱ्या दिवशीच बंद केली. घरी कसले आफ्रिकेचे डास! पण परजीवी आधी यकृतात जाऊन बसतो, आठवडा-दोन आठवडे तिथेच वाढतो, आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन त्याला मुख्यतः रक्तात गाठते. गोळी बंद म्हणजे त्याला वाट मोकळी. बाराव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. आई म्हणाली, "ताप येऊलाय, डॉक्टरकडं जा आधी." गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड समजून इंजेक्शनं दिली. तीन दिवस गेले. त्यांना दोष कसा देऊ, मी आफ्रिकेतून आलोय हे सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे, मग भावाने गाडीत घालून बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "गेल्या महिनाभरात कुठे होता?" बोटातून रक्त काढलं, पंधरा मिनिटांत पट्टीवर रेघ उमटली. पाच दिवस ॲडमिट होतो.

त्यामुळे भावाला एवढं पक्कं सांगून ठेवा: परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तरी "युगांडाहून आलोय, मलेरियाची रक्ततपासणी करा" हे पहिलं वाक्य. एकदा नाही निघाला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला लावायचं.

आता बाकीच्या लसी. टायफॉइडची घ्याच, आपल्याकडे बनलेली कंजुगेट लस एका डोसात होते, निघायच्या दोन आठवडे आधी झालेली बरी. फिटर आहे म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच, दहा वर्षं झाली असतील तर ताबडतोब. हिपॅटायटिस बी ची तीन डोसांची मालिका बावीस दिवसांत नेहमीच्या वेळापत्रकाने बसत नाही, पण घाईचं वेगळं वेळापत्रक असतं, विचारा. हिपॅटायटिस ए आपल्या पिढीच्या बऱ्याच जणांना लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, रक्ततपासणीत कळतं. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फिरणारे आपण. त्या जागेला नाव पडलं ते तिथे इंग्रजांच्या काळी देवीची लस तयार व्हायची म्हणून. आणि आपल्यापैकी किती जणांनी मोठेपणी आपणहून एखादी लस घेतलीय, ते विचारूच नका.

मच्छरदाणी औषध लावलेली घ्या, तिची कड गादीखाली खोचायची. मलेरियाचा डास रात्री चावतो, पीतज्वराचा दिवसा. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा स्प्रे पाँडच्या, म्हणजे कारखान्याचं गरम पाणी उडवून थंड करायच्या तळ्याच्या, बाजूने येताना सगळ्यात जास्त चावतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू दे. सरोवर सुंदर आहे, पण काठच्या उथळ पाण्यात उतरायचं नाही. गोगलगायींतून निघणारे कृमी थेट कातडीतून आत शिरतात, त्याला बिल्हार्झिया म्हणतात.

आणि इस्त्री. हसू नका. तिथे एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते. न इस्त्री केलेली बनियन घातली की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखा फुगा येतो. माझ्या खोलीतल्या सोलापूरच्या माणसाच्या पाठीवर तसे तीन आले होते. कंपाउंडरने व्हॅसलीन लावून वाट बघितली, मग चिमट्याने पांढरी अळी ओढून काढली. त्या दिवसापासून आम्ही बनियन, चड्डी, टॉवेल, चादर, सगळ्याला गरम इस्त्री फिरवायचो, शिवणीवरून जास्त. इस्त्री इथून न्यायची झाली तर प्लगचा अडॅप्टर घ्या, तिकडची पिनं चौकोनी असतात.